माझ्या अक्षराचा टिन

ही गोष्ट मी अजून कोणाला पूर्ण सांगितलेली नाही. घरच्यांना थोडी माहीत आहे, बाबांच्या ऑफिसात थोडी माहीत आहे, शेजारच्या दाईला तर चांगलीच माहीत आहे. पण प्रत्येकाकडे एकेक तुकडा आहे. लिहायला बसले की मला वाटतं, स्वतःला जरा बरं दाखवावं. म्हणून दोनदा लिहिलं आणि फाडलं. हे तिसऱ्यांदा.

आमचं घर भिलाईत, रेल्वे लाईनीच्या जामुलकडच्या अंगाला. घर आणि रूळ यांच्यामध्ये एक नाला आणि थोडी मोकळी जागा, बस. बाबा रेल्वेत आहेत. रुळांच्या वरून ज्या विजेच्या तारा जातात, त्या सांभाळणाऱ्या गँगमध्ये. आई सेक्टर दोनमध्ये एका घरी स्वयंपाकाला जाते. घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, म्हणून मी कॉलेजात गेले तेव्हा बाबांनी घराच्या मागं माझ्यासाठी एक खोली काढली. तीन बाजूंनी विटा, वर टिन. ‘पोरीले अभ्यासाले जागा पायजे,’ असं ते ज्याला त्याला सांगत.

त्या टिनाबद्दल आधी सांगायला हवं. आमच्याकडं उन्हाळ्यात आंधी येते. तासाभराची असते, पण तेवढ्यात टिन, फ्लेक्स, ताडपत्री, वाळत घातलेल्या साड्या, जे सैल असेल ते उडतं आणि लाईनीच्या तारेवर जाऊन बसतं. तारेवर काही बसलं की गाड्या उभ्या. त्यामुळं दरवर्षी होळीच्या आधी बाबा आणि त्यांच्या गँगची माणसं लाईनीच्या कडेच्या वस्त्यांमधून फिरतात आणि लोकांना टिन बांधायला सांगतात. बाकीचे नुसते सांगून पुढं जातात. बाबा खांद्यावर तारेचं वेटोळं घेऊन जातात. म्हातारं माणूस दिसलं, एकटी बाई दिसली, की स्वतःच वर चढून तारेनं टिन आवळून देतात. दाईचा टिनही तेच बांधायचे. दाई म्हणजे आमच्या शेजारची छत्तीसगढी म्हातारी. एकटीच राहते, मुर्रा म्हणजे मुरमुरे विकते. सगळी वस्ती तिला दाईच म्हणते.

आमच्या घरावर मात्र मी चढायची. माझ्या खोलीचा टिन जुना, बाबांच्या वजनानं वाकायचा. ते खाली उभे राहून सांगायचे, मी वर बसून तार पिळायची. ‘अजून एक पीळ दे. अजून एक. आता सोड.’ मला ते चांगलं जमायचं.

त्या टिनाच्या आतल्या बाजूला मी पांढऱ्या ऑइलपेंटनं केमिस्ट्रीच्या अभिक्रिया लिहिल्या होत्या. खाटेवर पडलं की डोळ्यासमोर दिसाव्यात म्हणून. घरी कोणी आलं की बाबा त्यांना मागं घेऊन जायचे आणि वर बोट दाखवायचे. ‘पाहा, माह्या पोरीनं छतावरच पुस्तक लिहिलं.’ मला लाज वाटायची. पण ती वेगळी लाज होती, बरी वाटणारी.

मे महिन्यात सेमिस्टरचे पेपर आले. टिनाखाली दुपारी बसवेना. पेन घामानं निसटायचा. एका दिवशी मी वर चढले, एका बाजूच्या दोन्ही तारा सोडल्या आणि टिन वीतभर सरकवला. गरम हवा त्या फटीतून निघून जाऊ लागली. खरंच फरक पडला. मग टिनावर चार विटा ठेवल्या आणि खाली उतरले. मनात होतं, पेपर झाले की बांधू.

त्या दिवसांत बाबा रोज ड्युटीवर जाताना विचारायचे. आंधीच्या दिवसांत त्यांची ती सवयच आहे.

‘काय वं, तारा पक्क्या आहेत ना?’

‘हाव बाबा.’

रोज. पुस्तकातून मान वर न करता. हे मी वीस एक वेळा तरी म्हटलं असेन.

तिसरा पेपर देऊन मी रायपूरहून मेमू लोकलनं परत येत होते. दुपारचे साडेतीन-चार झाले असतील. कुम्हारी सुटलं आणि पश्चिमेकडं आकाश मातीच्या रंगाचं झालं. भिलाई-तीनच्या पुढं गाडी थोडी गेली आणि थांबली. डब्यातले पंखे फिरत फिरत बंद पडले. मग धूळ आली, मग गारा, मग पाऊस. आम्ही खिडक्या खाली ओढल्या. आत भट्टी झाली.

अर्ध्या तासानं बाहेर सगळं शांत झालं, तरी गाडी हलेना. माझ्या समोर दुर्गच्या एका दवाखान्यात काम करणारी आया बसली होती. तिची ड्युटी पाचला लागायची. ती सारखी फोन करत होती. तिच्या आधीच्या पाळीवर जी होती, तिचं दूधपितं मूल घरी होतं आणि ही पोचल्याशिवाय तिला सुटता येणार नव्हतं.

दारात उभ्या असलेल्या एका माणसाला फोनवर कळलं. तो आत वळून ओरडला, ‘लो भई, पावर हाउस के पहले किसी का टिन तार पे बैठ गया है। अब खाओ भुट्टा!’

‘किस नालायक का है?’ आया म्हणाली. ‘उधर बच्चा रो-रो के आधा हो गया होगा।’

मी त्यांना सांगू लागले. माझे बाबा याच कामात आहेत, आधी वीज बंद करतात, मग दोन्ही बाजूंनी अर्थिंग लावतात, मग टॉवर वॅगन येते, म्हणजे वर मचाण असलेली गाडी, त्यावर चढून टिन काढतात. लोक ऐकू लागले. आया म्हणाली, ‘देखो, बच्ची को सब मालूम है।’ मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी पुढं बोलले. म्हटलं, ‘हर साल घर-घर जाके समझाते हैं, फिर भी नहीं बाँधते। ऐसे लोगों को लाइन के किनारे रहने ही नहीं देना चाहिए।’

‘बिलकुल सही,’ दारातला माणूस म्हणाला.

हे वाक्य मीच बोलले होते. कोणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

मग लोक खाली उतरून चालू लागले. मीही उतरले. रुळांच्या कडेनं पावर हाउस स्टेशनच्या दिशेनं. एका ठिकाणी कडुलिंबाची फांदी मोडून पडली होती, नाल्यात कोणाची तरी काळी पाण्याची टाकी तरंगत होती. खांबावरून तुटलेली विजेची तार चिखलात पडली होती आणि एक बाई काठी आडवी धरून सगळ्यांना तिच्यापासून लांब ठेवत होती. ‘उधर से, उधर से! जान प्यारी है कि नहीं?’ मी तिच्याकडं बघून हसले. अजून मी घरी जाणारी मुलगी होते. पेपर बरा गेला होता.

आमच्या वस्तीपाशी गर्दी दिसली. रुळांवर टॉवर वॅगन उभी होती. वर मचाणावर दोघं जण, त्यातले एक बाबा. पाठीवरूनच ओळखले. टिन तारेवर दुमडून लटकला होता, ओल्या चादरीसारखा. बाबांनी त्याचं एक टोक धरून फिरवलं आणि त्याची आतली बाजू आमच्याकडं झाली.

त्यावर माझं अक्षर होतं.

एवढ्या लांबून ओळी वाचता येत नव्हत्या, पण मला वाचायची गरजच नव्हती. वरच्या ओळीत एक बाण वाकडा गेला होता, खाटेवर उभं राहून लिहिताना तोल गेला होता तेव्हाचा. तो बाण दिसला. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. पण ते टिनाकडं बघत राहिले. नंतर त्यांनी मान वळवून खाली गर्दीत पाहिलं, आणि मी त्यांना दिसले.

त्यांनी टिन दुमडला. अक्षरं आत गेली. मग परत एकदा दुमडला, पायानं दाबून सपाट केला आणि खाली सोडला.

खाली त्यांचे सुपरवायझर साहेब उभे होते. हातात रजिस्टर. ‘किसका है ये?’ त्यांनी गर्दीला विचारलं. तेवढ्यात दाई पुढं आली. तिच्या झोपडीवरचा टिन गेला होता, ते लाईनीवरूनच दिसत होतं. नुसते बांबू उरले होते. आमची मागची खोली मात्र घराच्या आड. आणि तसंही, तारा सांभाळणाऱ्या माणसाच्या घराकडं कोण बघतो?

दाईनं हात जोडले. ‘मोरेच होही साहेब. मोर टीना उड़ गे. गलती हो गे.’

‘बाँधा क्यों नहीं?’

‘बाँधे रेहेंव साहेब.’

‘बाँधा होता तो उड़ता?’

लोक हसले. दाईचा टिन बाबांनी स्वतः बांधला होता. तिचे बांबूच कुजलेले होते, त्यामुळं टिन तारेसकट गेला होता. हे बाबांना माहीत होतं, मला माहीत होतं. साहेबांनी रजिस्टरच्या पानावर चार ओळी लिहिल्या, शाईचा पॅड काढला आणि दाईचा अंगठा घेतला. ती विचारत होती, ‘घर ला तो नइ टोरहू न साहेब?’ घर तर पाडणार नाही ना? साहेब म्हणाले, ‘ऊपर से जो होगा, देखेंगे।’

मी तिच्यापासून पाच पावलांवर होते. ‘साहेब, तो आमचा आहे.’ एवढं म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. मग पाहिलं, बाबा शिडीवरून उतरत होते, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत, कोणाकडंच न बघता. मला वाटलं, ते बोलतील. मी तोंड मिटलं.

थोड्या वेळानं लाईन सुरू झाली. मी सोडून आलेली मेमू हळूहळू समोरून गेली. दारातल्या आयानं मला ओळखलं आणि हात हलवला. ‘अच्छा किया पैदल आ गई!’ मीही हात हलवला.

घरी आई मागच्या खोलीत पाणी उपसत होती. माझी खाट, वह्या, सगळं भिजलेलं. एक वीट उंबऱ्यापाशी दोन तुकडे होऊन पडली होती. आई म्हणाली, ‘कपडे काढाले आली अन् हे बाजूलेच पडली. डोक्यात नाई पडली, नशीब.’ मग वर बघत म्हणाली, ‘पण टिनावर विटा कावून होत्या वं? तारा होत्या ना?’

मी बादली उचलली आणि पाणी फेकायला बाहेर गेले.

बाबा आठच्या आत आले. हातपाय धुतले, जेवायला बसले. आई वाढत होती. त्यांनी भात संपवला. मग ताटाकडं बघतच म्हणाले, ‘तारा कावून सोडल्या?’

‘गरम होत होतं.’

‘मले सांगाचं ना. सिविक सेंटरच्या बाजारातून कूलर आणला असता. लहानसा.’

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, ‘तुम्ही तिथं कावून नाही बोलले?’ हे मी त्यांना विचारलं. मी.

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. ‘तू खाली उभी होती. मले वाटलं तू बोलशील.’ मग म्हणाले, ‘अन् मी काय बोलू? जगाचे टिन बांधत फिरते अन् याच्याच घरचा तारेवर? त्या लोकाईसमोर माह्या तोंडातून निघालंच नाई.’

आई म्हणाली, ‘दाईनं अंगठा देल्ला म्हणून राहिले लोक.’

‘हाव.’

‘तिले उठवतीन का तिथून?’

बाबा म्हणाले, ‘साहेब कागद वर पाठवते. लाईनीच्या कडेच्या झोपड्याईवर त्याईचा आधीच डोळा आहे. बहाणाच पायजे.’ मग माझ्याकडं वळून, ‘उद्या पेपर आहे ना तुहा? तो दे. मग पाहू.’

मी ‘नाही, आधी ऑफिसात जाऊ’ म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं रायपूरला गेले आणि पेपर दिला. एक प्रश्न त्या टिनावरच्याच अभिक्रियेवर होता. वाकड्या बाणाचा. मी तो पूर्ण लिहिला, एकही पायरी न चुकता. त्या पेपरात मला चांगले गुण मिळाले. ते सांगताना आजही मला गुणांचा आकडा सांगवत नाही.

संध्याकाळी परत आले तेव्हा दोन माणसं टेप घेऊन दाईच्या झोपडीचं माप काढत होती. दारापाशी भिंतीवर त्यांनी लाल रंगाची फुली मारली. दाई त्यांना मुर्रा खायला देत होती. ते नको म्हणत होते आणि ती पुन्हा पुन्हा देत होती. तिच्या अंगठ्याला शाई अजून होती.

त्या दिवशीही मी बोलले नाही. पुढच्या दिवशी, पेपर नव्हता तेव्हा, सकाळी बाबा डबा घेऊन निघाले आणि मी चपला घातल्या. ‘मी येते,’ म्हटलं. ते सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत राहिले. अर्ध्या वाटेत म्हणाले, ‘मी सांगतो. तू नुसती उभी राह्य.’ मी म्हटलं, ‘नाही, मी सांगते.’ त्यावर ते म्हणाले, ‘बरं.’

सांगायला एक मिनिटही लागलं नाही. टिन आमचा होता, तारा मी सोडल्या, बाबांना माहीत नव्हतं, दाईचा काही संबंध नाही. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. रागावण्यापेक्षा वैतागले जास्त. ‘बेटा, दो दिन पहले बोल देती। अब मैं कागज चला चुका हूँ।’ मग बाबांकडं बघून म्हणाले, ‘और आप? आप तो ऊपर थे। आपने भी नहीं पहचाना?’

बाबा म्हणाले, ‘पहचाना था, साहब।’

खोलीत बाबांच्या गँगचे आणखी दोघं होते. एक जण खिडकीकडं बघू लागला. बाबांची इतक्या वर्षांची नोकरी, त्यांच्या नावावर कधी एकही ठपका नव्हता. त्या दिवशी त्यांना ताकीद मिळाली, लेखी. त्यांनी सही केली. त्यांची सही हळू होते, एकेक अक्षर जोडत. सगळे थांबले होते. मी सही होईपर्यंत त्यांच्या हाताकडं बघत उभी राहिले, कारण दुसरीकडं कुठं बघावं ते कळत नव्हतं.

साहेबांनी मात्र पुढचा कागद लिहिला. झोपडीवरची कारवाई थांबवावी म्हणून. ती थांबली. लाल फुली कोणी पुसायला आलं नाही, आईनंच तिच्यावर चुना फासला.

दाईला मी त्याच दिवशी सांगितलं. तिचा टिन तोवर तळ्याजवळ सापडला होता आणि बाबा नवे बांबू लावत होते. मला वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. कदाचित ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल, असंही वाटलं होतं. असं वाटावं, याचीही आता लाज वाटते. ती आधी समजलीच नाही. मग समजली.

‘त मैं फोकट मा हाथ जोड़ेंव?’ ती म्हणाली. म्हणजे मी उगीचच हात जोडले?

मी मान हलवली.

‘तैं उहें खड़े रेहे?’ तू तिथंच उभी होतीस?

‘हो.’

‘तैं तो पढ़े-लिखे हस नोनी. मुँह काबर नइ खोले?’ तू तर शिकलेली पोरी, मग तोंड का नाही उघडलंस?

वर बांबूवर बाबांचा हात थांबला. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. पेपर होता, घाबरले होते, बाबा बोलतील असं वाटलं. सगळं खरं होतं. पण तिच्यासमोर त्यातलं एकही उच्चारता येईना. ती टोपली उचलून आत गेली. नंतर बरेच दिवस ती आईशी बोलायची, बाबांशी बोलायची, मी समोर आले की उठून आत जायची. तिचं बरोबर होतं.

एक दिवस तिनं आईला सांगितलं की तिला तो कागद बघायचा आहे. ज्यावर तिचा अंगठा आहे, तो. तो फाडला की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे. बाबा ड्युटीवर होते. आई म्हणाली, ‘तूच ने तिले.’

आम्ही दोघी ऑफिसात गेलो. वाटेत ती माझ्या दोन पावलं पुढं चालत होती. साहेब नव्हते, क्लार्क होता. मी त्याला सांगितलं, त्यानं कपाटातून रजिस्टर काढून पान उघडलं. फाडता येत नाही म्हणाला, पानांना नंबर असतात. चार ओळींवर तिरकी रेघ मारलेली होती, बाजूला साहेबांची सही. रेघेच्या खाली तिचा अंगठा तसाच होता, निळा, कडेला थोडा पसरलेला.

दाई वाकून बघत राहिली. ‘ये तो दिखत हे,’ ती म्हणाली.

‘कट गया अम्मा,’ क्लार्क म्हणाला. ‘लाइन मार दी ना।’

‘फेर दिखत तो हे.’

मी तिला समजावलं. रेघ मारली म्हणजे ते रद्द, आता कोणी ते धरणार नाही. मला येईल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं, हिंदीत, मोडक्या छत्तीसगढीत. ती माझ्याकडं बघत होती. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ती ठरवत होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मग तिनं क्लार्ककडं तोंड वळवलं आणि त्याला पुन्हा विचारलं.